श्रीखंडाचे डबे मिळाले

ती. आई-बाबा, सा. न.

दादाबरोबर पाठवलेली पिशवी मिळाली. श्रीखंडाचे रिकामे डबे १८ निघाले, आई एवढं श्रीखंड संपवलं कुणी गं? आणि बाबा तुमचे नटबोल्ट दुसऱ्याच दिवशी वर्गात गेले.

बाबा, परवा फोनवर हसत विचारलंत ना, पोरं आपापली कामं करतात आणि तू मागे खुर्ची टाकून बसतेस, मग पगार कशाचा? खरं सांगू, ते मागे बसणं शिकायलाच मला दोन वर्षं लागली.

वर्गात एक बारा वर्षांचा पोरगा आहे, ऑटिझम आहे, बोलत नाही. बोल्टवर नट मस्त चढवतो पण एक झाला की हात थांबवून माझ्या तोंडाकडे बघायचा, मी मान हलवली की पुढचा. चूक माझीच, समोर बसून दर वेळी शाब्बास शाब्बास करायचे, मग त्याला वाटणारच ना की शाब्बास हासुद्धा कामाचाच भाग आहे. शेवटी खुर्ची त्याच्या पाठीमागे नेली आणि तोंड बंद. अडलाच तर मागून हात धरायचा, बोलायचं नाही.

डावीकडे तीन डबे, एकात एकच काम, उजवीकडे 'झालं'चा डबा. काय करायचं, किती करायचं, कधी संपणार आणि मग पुढे काय, हे त्याला कुणी न सांगता दिसलं पाहिजे. ही आयडिया माझी नाही हां, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर वगैरे मंडळींनी ऑटिझम असलेल्या मुलांसाठी टीच (TEACCH) नावाचा प्रोग्राम उभा केला, १९७२ पासून तो त्या राज्यभर चालतो, त्यातली ही पद्धत. डब्यात फक्त येतं तेच काम, नवीन शिकवणं वेगळं, ते माझ्याशेजारी बसून.

आणि मी घोळही घातलेत. 'झालं'चा डबा आधी उघडाच होता तर हा झालेले नट काढून, सोडवून परत पहिल्यापासून सुरू, संपतच नाही! मग झाकणाला चीर पाडली, आत गेलं की गेलं. एकदा तर त्याच्या देखतच मी सगळे नट सोडवायला बसले, उद्यासाठी. असा रडला तो. तासभर केलेलं काम कुणी आपल्यासमोर मोडलं तर आपणही चिडू की नाही? आता शाळा सुटल्यावरच सोडवते.

मंगळवारी तिसरा डबा संपवून स्वतःच उठला, भिंतीवरचं झोक्याचं कार्ड काढलं आणि गेला झोक्यावर. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पगार त्याचा, बाबा.

दादाबरोबर तुमच्यासाठी सात खणांचा गोळ्यांचा डबा पाठवतेय, खण रिकामा म्हणजे गोळी घेतली. आई, तू आता तीनतीनदा विचारू नकोस, लांबून खण बघ फक्त. आणि कपड्यांचे जुने चिमटे टाकू नकोस, मला हवेत, रंगीत असतील तर आधी ते.

तुमची,
धाकटी