पहिलीआधी वह्या नकोत, चिंचोके द्या

संपादक महोदय,

शाळाप्रवेशाच्या जाहिराती झळकू लागल्या की बालवाडीतल्या मुलांच्या दप्तरात वह्या वाढतात. साडेचार वर्षांच्या पोराने रोज पानभर अक्षरे गिरवली की पहिली सोपी जाते, अशी पालकांची समजूत. पहिलीचा वर्ग बरीच वर्षे सांभाळल्यावर माझे मत नेमके उलट झाले आहे.

1 ते 100 धडाधड म्हणणाऱ्या मुलासमोर चिंचोके ठेवून ‘यातले सात दे’ म्हटले की ते अडते. अंक पाठ असतात, संख्या कळलेली नसते. ती कळते वाटणीत, काचाकवड्यांत, ताटे मांडताना. लिहिण्याचेही तेच. ‘ळ’, ‘क्ष’ची वळणे काढायला बोटांत आणि मनगटात जोर हवा. तो शेंगा सोलून, कणीक मळून, मणी ओवून येतो. तळ्यात-मळ्यात तर मला पहिलीची उत्तम तयारी वाटते: कान देऊन ऐकायचे आणि चुकीचा उचललेला पाय वेळीच आवरायचा. बाईंचे बोलणे पुरते ऐकून मग कामाला लागायचे, तर हेच लागते. शिवाय डब्याचे झाकण उघडता यावे, लघवीला जायचेय हे न लाजता सांगता यावे. जूनमध्ये रडणारी मुले काही अक्षरे येत नाहीत म्हणून रडत नाहीत.

यात नवे काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला गावातल्याच साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 3 ते 8 वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला. त्यावर आधारलेला 2022चा अभ्यासक्रम आराखडाही खेळावरच भर देतो. केंद्राचे दप्तर धोरण तर दुसरीपर्यंत गृहपाठच नको म्हणते. पण शिक्षण हक्क कायदा सुरू होतो सहाव्या वर्षापासून, त्यामुळे खासगी बालवाडीत काय चालते हे फारसे कोणी विचारत नाही. पालक मागतात म्हणून शाळा वह्या देतात, आणि शेजारच्या शाळेने दिल्या म्हणून पालक मागतात!

अर्थात मुलांना अंगणात सोडून बाईंनी रजिस्टर भरत बसणे, याला मी खेळातून शिक्षण म्हणत नाही. कोणत्या मुलाला आज कोणता खेळ द्यायचा, हे ठरवायला जाणती बाई लागते, आणि तिला तसा पगारही.

जिल्हा परिषद शाळांत ‘पहिले पाऊल’ अभियानात शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात; आयांना घरी करून घेण्याच्या कृती दाखवल्या जातात. शिक्षण विभागाने हे मेळावे खासगी बालवाड्यांनाही बंधनकारक करावेत. पालकांनी प्रवेश घेण्याआधी एकदा वर्गात डोकावावे आणि खेळणी मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवली आहेत की काचेच्या कपाटात कुलूपबंद, तेवढे पाहून यावे.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सांगली