आण्णांना ‘पाच’ एवढंच ऐकू गेलं

केम्निट्स, जर्मनी
रविवार, 9 मार्च 2025

प्रिय सच्या,

पाच महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे तिन्ही व्हॉइस मेसेज ऐकले आणि तसेच ठेवले. तब्येत बरी आहे, थंडीनं ओठ फुटलेत तेवढंच. आता सांगतो ते आधी पूर्ण वाच, मग शिव्या घाल.

मी एका विषयात नापास झालोय, आणि घरी सगळ्यांना वाटतंय मी पहिला आलोय.

इथं गुण उलटे. 1 म्हणजे उत्तम, 4 ला जेमतेम पास, 5 म्हणजे नापास. स्क्रीनवर ‘5,0’ दिसलं (टिंबाच्या जागी हे लोक स्वल्पविराम देतात) आणि पाचच मिनिटांत आण्णांचा फोन. तुमच्याकडं रात्रीचे साडेदहा, रातपाळी चालू, ते कारखान्यातच उभे. मागांच्या खडखडाटात ओरडून विचारत होते, “किती पडले?” मी म्हणालो, “पाच, आण्णा. विषय गेला.” त्यांना ‘पाच’ एवढंच ऐकू गेलं. “पाचपैकी पाच!” जॉबरला हाक मारून सांगितलंसुद्धा. मी परत ओरडलो नाही.

तेवढं मागांच्या आवाजावर ढकलता आलं असतं रे. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून फोन केला. मागं आईच्या बांगड्या वाजलेल्यासुद्धा ऐकू येत होत्या. म्हणाले, कांडीवाल्या मावशींपासून दिवाणजींपर्यंत सगळ्यांना पेढे दिले. मी “हं” म्हणालो. खोटं बोललो ते त्या “हं”मध्ये.

तुला माहीतच आहे सोळातले सहा माग कुठं गेले. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी खात्यात दाखवावे लागतात, त्यातले महिन्याला 992 हातात येतात. जवळजवळ अकरा लाख रुपये. बँकेचं कर्ज कमी पडलं, तेव्हा भंगारवाल्याचा टेम्पो आला. तू आणि मीच बीम उचलू लागलो होतो. आण्णा त्या दिवशी चहा प्यायला म्हणून गेले ते संध्याकाळीच परत आले. दुकानात जाऊन 992 चा हिशोब करताना मला तो टेम्पोच दिसतो. रिकामी बाटली यंत्रात टाकली की 25 सेंट परत मिळतात, तेही मी सोडत नाही.

नापास का झालो? इथं हजेरी नाही, सबमिशन नाही, अंतर्गत गुण नाहीत. परीक्षेला नावसुद्धा आपणच मुदतीत नोंदवायचं. मग दोन तासांचा एक पेपर, त्यातच सगळं. मी संध्याकाळी गोदामात खोकी लावत होतो आणि शेवटच्या पंधरा दिवसांत निघेल म्हणून बसलो, डिप्लोमाला निघायचं तसं. नाही निघालं. तीनदाच बसता येतं. तिसऱ्यांदाही गेला तर हा अभ्यासक्रमच सुटतो. पुढची संधी उन्हाळ्यात आहे.

आणि झोप नाही, सच्या. हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. आपण दोघं मागांच्या आवाजात जन्मलो. रात्री आवाज बंद झाला की जाग यायची, लाईट गेली म्हणून. इथं रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, आणि रविवारी तर दिवसभर. पहिल्याच आठवड्यात साडेदहाला शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला, तर शेजारची बाई दारात येऊन उभी. तिचं बरोबरच होतं. पण त्या शांततेत माझे कान दुखायचे. डिसेंबरात चार वाजताच अंधार, बर्फ, आणि वर ही शांतता.

गंमत म्हणजे या गावालाही एके काळी मँचेस्टर म्हणायचे, सॅक्सनीचं मँचेस्टर. आपलं इचलकरंजी महाराष्ट्राचं! इथं माग नुसते चालवत नव्हते, बनवत होते. शनिवारी उद्योगांच्या संग्रहालयात गेलो. तिथल्या माणसानं एक जुना माग चालू करून दाखवला. धोटा पहिल्यांदा फटकन इकडून तिकडं गेला आणि मला रडू फुटलं. त्याला वाटलं मी घाबरलो. पाच मिनिटांनी त्यानं बंद केला, तेव्हा “अजून थोडा वेळ” म्हणायला मला जर्मन सुचेना. त्या रात्री नऊ तास झोपलो.

मार्क्सचं मोठं डोकं आहे इथं चौकात, नुसतं डोकंच सात मीटरचं. अगदी आपल्या दाढीवाल्या मुकादम तात्यांसारखं. मागच्या भिंतीवर चार भाषांत कामगारांनो एक व्हा असं लिहिलंय. फोटो पाठवतो, तात्यांना दाखव.

आता ते, जे आपण पुन्हा कधी काढलंच नाही. दुसऱ्या वर्षी तुझं इयर डाऊन झालं, तू रोज डबा घेऊन निघायचास आणि पंचगंगेच्या घाटावर बसायचास. मावशींना मी जाऊन सांगितलं. तू आठ महिने बोलला नाहीस. मी म्हणत राहिलो, मी खरं तेच केलं. सच्या, तेव्हा मी आधी घाटावर येऊन तुझ्याशेजारी बसायला हवं होतं. तू रोज तो डबा कसा खात होतास ते मला आत्ता कळतंय. माझं चुकलं.

ताईचं लग्न ठरलं हे आईकडून कळलं, तुझ्याकडून नाही, याचा राग आहे. पण हक्क नाही. सूतगिरणीतली नोकरी पक्की झाली का? मावशींच्या गुडघ्याचं काय?

पुढच्या रविवारी मी आण्णांना फोन करणार आहे, तुमच्या संध्याकाळी सहाला. घरी नको, आई शेजारी असते. तू त्यांना काहीतरी निमित्त काढून घाटावर घेऊन ये. काही सांगू नकोस, सांगायचं मलाच आहे. माझं बोलून झालं की तेवढं त्यांना एकट्याला घरी पाठवू नकोस.

तुझा,
पिंट्या