बाबांच्या तक्रारी ऐकून घेणाऱ्या ताईंना

सप्रेम नमस्कार ताई,

बाबांना स्लीप ॲप्नियासाठी (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार) सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन सुरू झालं, तेव्हा ‘होईल हळूहळू सवय’ असं जो तो म्हणत होता. ‘नेमका त्रास काय होतोय, काका?’ असं विचारून उत्तर संपेपर्यंत ऐकलंत ते फक्त तुम्ही. त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण वैतागून मशीन कपाटात टाकायच्या बेतात असलेली माणसं घरोघरी असतील आणि तुम्ही दाखवलेलं त्यांच्याही कामाचं आहे.

सगळ्यात मोठी तक्रार मास्कची होती. डोळ्यांत हवा जायची, कानाशी फुसफुस चालायची आणि सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ असायचा. पट्टे आवळले की हवा काही थांबायची नाही, वळ तेवढा गडद व्हायचा. तुम्ही बाबांना खुर्चीवरून उठवून आडवं केलंत, मशीन चालू केलंत आणि आधी सगळे पट्टे सैल सोडलेत. मास्क चेहऱ्यापासून जरासा पुढे ओढून हलकेच टेकवलात. कुशनमध्ये, म्हणजे मास्कच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ भागात, हवा भरली आणि ते आपसूक बसलं. मग दोन्ही बाजू सारख्या, हवा थांबेल एवढ्याच घट्ट. आडवं झाल्यावर गाल-जबडा वेगळा बसतो आणि कुशन हवेच्या दाबानेच नीट फुगतं, म्हणून मास्क झोपूनच बसवायचा, हे तेव्हा कळलं. पुढे तुम्ही एक साइज लहान कुशन दिलंत आणि वळ नाहीसा झाला.

मास्कच्या पुढच्या बारीक भोकांबद्दलही तुम्ही बजावलंत ते बरं झालं. तिथून येणारी हवा म्हणजे गळती नव्हे. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो, ती भोकं कधीही बुजवायची नाहीत. आई त्यांवर चिकटपट्टी लावायच्या विचारात होती, म्हणून हे इथे मुद्दाम लिहितेय.

मग तोंड कोरडं पडण्याचं प्रकरण. तुम्ही मशीनमधला गळतीचा आलेख उघडलात. रात्रीच्या पहिल्या भागात रेघ सपाट, पहाटेकडे एकदम उंच. नाक चोंदलं की बाबांचं तोंड उघडतं आणि नाकावाटे दिलेली हवा तोंडातून निघून जाते, हे तुम्ही त्या रेघेवर बोट ठेवून दाखवलंत. हनुवटीचा पट्टा लावून तोंड बंद करायचा सोपा उपाय तुम्ही सुचवला नाहीत. नाक बंद असताना तोंडही बांधायचं नाही, आधी नाक मोकळं करायचं, असं म्हणालात. झोपण्याआधी सलाईनने नाक धुणं, हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर थोडा वाढवणं, आणि तरी जमलं नाही तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. पहिल्या दोन उपायांवरच भागलं.

ह्युमिडिफायर वाढवल्यावर नळीत पाणी साचून गुडगुडायला लागलं, गालावर थेंब पडले. मशीन बिघडलं असंच आम्हांला वाटलं. फोनवर तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, खोली गार आहे का? ओलसर उबदार हवा गार नळीतून जाताना वाफेचं पाणी होतं. नळी पांघरुणाखालून घेतली, मशीन पलंगापेक्षा खाली ठेवलं, आर्द्रता एक पायरी उतरवली, झालं. टाकीत डिस्टिल्ड वॉटर, सकाळी उरलेलं ओतून देणं आणि कुशन रोज सौम्य साबणाने धुणं आता बाबा स्वतः करतात. फिल्टर तेवढा माझ्याकडे आहे.

गुदमरल्यासारखं वाटतं ही तक्रार सांगायला बाबांना लाज वाटत होती. तुम्ही रॅम्प लावून दिलात, म्हणजे दाब कमी सुरू होऊन हळूहळू चढतो. दिवसा जागेपणी टीव्ही बघताना मास्क लावून बसायला सांगितलंत. आणि ठरवून दिलेला दाब डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचा नाही, असंही स्पष्ट सांगितलंत. त्याच वेळी ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांची गोष्ट सांगितलीत. 1981 साली त्यांनी हा उपचार जगासमोर मांडला, तेव्हाच्या सुरुवातीच्या रुग्णांचे मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावे लागत. बाबा आल्यागेल्याला ती गोष्ट सांगतात आणि आपला मास्क कौतुकाने दाखवतात.

त्यांचा एएचआय, म्हणजे झोपेत दर तासाला सरासरी किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो तो आकडा, आता 5 च्या खाली असतो. दुपारी पेपर वाचता वाचता मान पडत नाही आणि आईलाही सलग झोप मिळते. ताई, बाबांना कोणी हट्टी म्हटलं की मला वाईट वाटायचं. त्यांच्या प्रत्येक तक्रारीमागे खरं कारण होतं आणि तुम्ही ते शोधलंत. हे उपकार मोठे आहेत.

पुढच्या तपासणीला बाबा मशीनचं नोंदींचं कार्ड घेऊन येतीलच. पोटात हवा भरल्यासारखं वाटतं त्याबद्दल विचारायचं, असं त्यांनी वहीत लिहून ठेवलंय.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी