नळ बारीक सोडून

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांच्या कोलायटिसचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेचा, विषय काढला की बाबा "बघू, बघू" म्हणत फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्हाला न विचारता मी ठरवून टाकलंय. पंधरा तारखेला पुण्यात तुमचं पहिलं इंजेक्शन आहे. त्याआधीच्या रविवारी मी गाडी घेऊन फलटणला येते. रागवा हवं तर, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

दिवाळीत चार दिवस मी घरात होते आणि मला काही कळलं नाही. पाचव्या दिवशी पहाटे आई मोरीत चादर धूत होती. नळ अगदी बारीक सोडलेला, मला जाग येऊ नये म्हणून. साबणाचं पाणी गुलाबी होतं. आई, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मग औषधांच्या डब्यात स्टिरॉइडची अर्धी पट्टी सापडली. बाबा, बरं वाटलं म्हणून ती गोळी मनाने सोडायची नसते. ती चालू असताना शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. आणि कायमही घेता येत नाही. शुगर किती वाढली ते पाहिलंत ना?

तुम्ही कालव्यावर होतात तेव्हा म्हणायचात, पाणी कुणीही सोडेल, गेट वेळेवर बंद करणारा पाटकरी मिळायला नशीब लागतं. डॉक्टर समजावत होते तेव्हा मला तेच आठवत होतं. आतड्याचं आतलं अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. दर चार-पाच दिवसांनी ते नवं होतं. त्याच्या एका बाजूला अब्जावधी जंतू, दुसऱ्या बाजूला शरीराच्या संरक्षक पेशींचा सगळ्यात मोठा तळ. प्रत्येक घासावर आणि प्रत्येक जंतूवर त्या तुटून पडल्या तर माणूस जेवूच शकणार नाही. म्हणून त्यांच्यातच काही आवरणाऱ्या पेशी असतात, नियामक टी पेशी. जपानच्या शिमोन साकागुचींनी त्या १९९५ मध्ये दाखवल्या, आणि २०२५ चं नोबेल त्यांना मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत याच कामासाठी मिळालं. या पेशी इंटरल्यूकिन-१० नावाचा निरोप सोडतात, की आता पुरे. ज्या उंदरांमध्ये तो निरोपच नव्हता, त्यांची आतडी सुजली. तुमच्या कोलायटिसमध्येही हाच तोल गेलाय. कालव्याची पाळी संपली तरी पाणी वाहतंच आहे.

नवं औषध वेडोलिझुमॅब. रक्तातल्या ज्या पेशी आतड्यात उतरून सूज वाढवतात, त्यांच्या अंगावरची आत शिरायची खूण ते झाकतं. त्याचं काम मुख्यतः आतड्यापुरतं, म्हणून तुमचा तो जुना टीबी लक्षात घेऊन डॉक्टरांनी हेच निवडलं. तरी आधी छातीचा एक्स-रे काढायचाच. सलाईनमधून अर्धा तास, दोन आठवड्यांनी दुसरं, सहाव्या आठवड्याला तिसरं, मग दर आठ आठवड्यांनी. गुण यायला वेळ लागतो, दुसऱ्याच दिवशी "काही फरक नाही" म्हणायचं नाही.

आई, हे तुझ्या ठेच्यामुळे झालेलं नाही. परत तसं म्हणू नकोस. सध्या कोंडा, कच्चं सगळं बंद, कारण आतडं सोललंय. पण सूज उतरली की डॉक्टरांना विचारून तुझी भाकरी, भाज्या सुरू करू. त्यातला चोथा आतड्यातले चांगले जंतू खातात आणि ब्युटिरेट बनवतात, त्यानेच आवरणाऱ्या पेशींना बळ मिळतं. म्हणजे तुझं जेवण औषधाच्या बाजूचंच आहे.

राहायची काळजी नको. संडासाला लागून असलेली खोली तुम्हाला, रात्रभर बारीक दिवा. पेपर सहाला येतो. आईला खाली बाकावर बसायला बायका आहेत. मागच्या वेळेसारखं होणार नाही, ह्यांच्याशी मी बोललेय. तुळशीला पाणी शेजारच्या काकू घालतील.

माझं पोट दुखायचं तेव्हा बाबा हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायचे आणि मी झोपेपर्यंत हात काढायचे नाहीत. मला आता नुसतं तेवढं करू द्या.

गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली पेनकिलर आजच फेकायची, तिने आतडं आणखी बिघडतं. स्टिरॉइड डॉक्टरांनी फोनवर सांगितलंय तसंच, नाश्त्यानंतर. रक्त वाढलं, ताप आला, तर रविवारची वाट पाहायची नाही, रात्री दोनला फोन करायचा. जुन्या फायली निळ्या पिशवीत घाला. आणि आई, चादरी धुऊ नकोस, तशाच गुंडाळून आण.

तुमची,
छकुली