ती पांढऱ्या कपड्यांतली माणसं उडतात का आणि रडतात का

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, तू फोनवर विचारलंस की चिनी मालिकेतली ती माणसं सारखी उडतात कशाला आणि एवढं रडतात कशाला. दोन्हीचं मूळ एकच आहे: ज्या साधनेने ती उडतात, तिनेच त्यांचं आयुष्य फार लांब होतं. हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

या प्रकाराला चिनीत 'श्येनश्या' म्हणतात. श्येन म्हणजे साधनेने अमरत्वाला पोचलेला, श्या म्हणजे अन्यायाविरुद्ध तलवार उचलणारा. मुळं चीनमधल्या ताओ पंथाच्या साधनेत आहेत. नाभीखाली दान्थ्येन नावाचं स्थान, तिथे छी म्हणजे प्राणशक्ती साठवायची, मुरवायची, आणि तिची सुवर्णगोळी बनवायची. बाबा, तुम्हाला यात अनोळखी काही वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली कुंडलिनी आणि चौदाशे वर्षं काळाला परतवणारे चांगदेव आठवा. फक्त तिकडे वरच्या पायरीवर चढताना आकाशातून वीज अंगावर कोसळते, आणि ती सोसली तरच पायरी मिळते.

कादंबऱ्यांत या पायऱ्या काटेकोर मोजतात. मालिकांत फारसं नाही. तिथे माणूस ओळखायचा कपड्यांवरून. 'द अनटेम्ड' (२०१९, ५० भाग) घ्या. लान घराणं पांढरं-फिकं निळं, कपाळाला पट्टी. ज्यांग जांभळे, कमळ त्यांचं चिन्ह. जिन सोनेरी, कपाळावर लाल ठिपका. वन घराण्याच्या कपड्यांवर लाल ज्वाळा. नावं लक्षात राहिली नाहीत तरी बिघडत नाही, रंग धरून बसा. लानांच्या त्या पट्टीला आईवडील, जोडीदार आणि मुलं सोडून कुणी हात लावायचा नसतो. एवढं माहीत असलं की पट्टी नुसती सरकली तरी प्रसंग कळतो. या मालिकांत 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' सहसा कुणी पटकन म्हणत नाही. ते काम पट्टी, केसातला काटा, बासरी यांच्यावर सोपवलेलं असतं.

उडण्याचं तंत्र: कपड्यांच्या आत कंबरेला पट्टा, त्याला तारा, आणि वर ओढणारी माणसं. तारा नंतर संगणकावर पुसतात. अंग ताठ राहिलं तर माणूस दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसतो. ते झाकायला रुंद, झिरझिरीत बाह्या आणि मोकळे केस कामी येतात. पंख्याच्या वाऱ्याने ते मागे उडाले की डोळ्यांना वेग वाटतो. केस पुढे आणि माणूसही पुढे असं दिसलं, तर पंखा चुकीच्या बाजूला होता म्हणून समजा! पांढऱ्या कपड्यांची आणखी एक अडचण आहे. मागे हिरवा पडदा असला की त्याचा हिरवा उजेड पांढऱ्यावर पडतो आणि कडा मळकट होतात. ते लपवायला मग धुकं आणि चकाकी वाढवतात. त्यात चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर जास्त झाला की नट मेणाचा दिसतो आणि डोळ्यातलं पाणी खोटं वाटतं. माझ्या मते या मालिकांचा सगळ्यात मोठा दोष हाच.

आता रडण्याबद्दल. चिनीत म्हण आहे, स्वर्गात एक दिवस म्हणजे पृथ्वीवर एक वर्ष. देव माणसाचा जन्म घेऊन खाली येतात, प्रेमात पडतात, मरतात आणि वर जाऊन सगळं विसरतात. एक विसरतो, दुसऱ्याला आठवत राहतं, आणि त्या दुसऱ्याच्या हातात हजारो वर्षं असतात. 'इटर्नल लव्ह'चे (२०१७) ५८ भाग याच एका दुखण्यावर उभे आहेत.

सुरुवात मात्र 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल'पासून करा (२०२२). भाग ३६च आहेत, आणि हसूही येतं. मनोऱ्यात तीस हजार वर्षं कोंडलेला चंद्रकुळाचा राजा. त्याच्या मनातलं सात भावनांचं झाड लहानपणीच उपटलेलं. एका मंत्रामुळे नायिकेला, म्हणजे ऑर्किड-कन्येला, लागलं की जखम याला होते, ती रडली की याचे डोळे भरतात, आणि का ते त्यालाच कळत नाही. त्याच्या मनातल्या त्या झाडाच्या जागेकडे लक्ष ठेवा. संवादांपेक्षा ती जास्त सांगते.

बघताना काही गोष्टी. आवाज मूळ चिनीच ठेवा. बहुतेक संवाद व्यावसायिक आवाज-कलाकारांनी नंतर भरलेले असतात, त्यामुळे ओठ कधी जुळत नाहीत. टीव्ही बिघडलेला नाही. सबटायटलचा आकार मोठा करून घ्या. 'सीनियर ब्रदर' दिसलं की सख्खा भाऊ समजू नका, तो गुरुबंधू आहे. मूळ शब्द शीश्योंग. गुरू तो शीफू, धाकटी गुरुभगिनी शीमेई. नाहीतर आई, भाऊ-बहिणीचं लग्न बघून तू टीव्ही बंद करशील.

मधल्या भागांत दुय्यम जोड्यांची कथानकं रेंगाळतात, ती पुढे ढकलली तरी चालतं. 'द अनटेम्ड'चे पहिले दोन भाग मात्र ढकलू नका. ते सोळा वर्षांनंतरचे आहेत, म्हणून काही कळणार नाही. तिसऱ्या भागात गोष्ट मागे जाते आणि तिसावा भाग ओलांडेपर्यंत तिथेच राहते. तिथून परतलात की पहिले दोन पुन्हा लावा. बासरीचे सूर ऐकून पांढऱ्या कपड्यांतला तो गप्प माणूस वाजवणाऱ्याचं मनगट का धरतो, ते तेव्हा दिसेल.

तुमची,
लेक