गाव गेलं, पब राहिला

लीड्स, रविवार

प्रिय सुध्या,

पत्र पोचलं. 'तिकडच्या खेड्यातल्या पबांबद्दल नीट लिही, नुसते फोटो पाठवू नकोस' असा दम भरला आहेस, तर घे. दहा पबांची जंत्री देण्यापेक्षा एकाचीच कुळकथा सांगतो. यॉर्कशरच्या पार उत्तर टोकाला, पेनाइन डोंगरांच्या माथ्यावर 'टॅन हिल इन' आहे.

ब्रिटनमधला सगळ्यात उंचावरचा पब म्हणून त्याचा केवढा डंका! उंची किती, तर १,७३२ फूट, म्हणजे ५२८ मीटर. हसू नकोस. तू पुण्यात खाटेवर लोळत हे वाचतोयस ना, तेही याहून जरा वरच. पण इथे झाड औषधालाही सापडत नाही. चहूकडे दलदलीचं काळपट माळरान, आणि वारा असा की मोटारीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडावं. जवळचं खेडं केल्ड, तेही चारेक मैलांवर.

मग अशा जागी पब काढायची अवदसा कुणाला आठवली? कारण कोळसा. या माळाखालचा कोळसा मध्ययुगापासून खणला जात होता. अठराव्या शतकात खाणकामगार इथे उतरायचे, प्यायचे. पबाभोवती त्यांची घरंही होती. १९२९ साली शेवटची खाण बंद पडली आणि ती घरं पाडून टाकली. गिऱ्हाईकच उठून गेलं म्हण ना.

तरी पब टिकला, आणि तो एका बाईमुळे टिकला असं माझं ठाम मत आहे. सुझन पीकॉक हे तिचं नाव. १९०२ ते १९३७ तिनं हा पब चालवला. खाणवाले गेल्यावर आसपासचे शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यावर तिनं गाडा रेटला. भरलेलं पिस्तूल हाताशी ठेवायची म्हणतात. एकट्या माळावर येणारा प्रत्येक जण काही सज्जन नसणार. तीसच्या दशकात बीबीसी रेडिओवर तिचा आवाज लागला आणि तिचं नाव देशभर झालं. पबामागच्या एका खडकावर तिचं नाव आणि ती दोन सालं कोरलेली आहेत. मी अक्षरांवरून बोट फिरवून पाहिलं. राजेरजवाड्यांचे शिलालेख आपण खूप पाहिले, पण गल्ल्यावर बसणाऱ्या बाईचा पहिल्यांदाच.

पुढच्या मालकांच्या नशिबीही सुख नव्हतंच. वीज जनरेटरची, आणि बर्फ पडला की रस्ता बंद. पण त्या हवेचेच पैसे झाले. ऐंशीच्या दशकात एव्हरेस्ट कंपनीनं दुहेरी काचांच्या खिडक्यांची जाहिरात इथेच केली. बाहेर वारा घोंघावतोय आणि टीव्हीवरचा त्या काळचा ओळखीचा चेहरा टेड मोल्ट खिडकीजवळ एक पीस सोडतो, ते सरळ खाली पडतं. १९७४ साली सरकारनं हद्द सरकवून पब डरहॅम परगण्यात टाकला. पुढे परत यॉर्कशरला दिला. यॉर्कशरवाल्यांपुढे हा विषय काढू नये, तासभर सुटका नाही! २००७ साली तर नाताळच्या मेनूवर 'फॅमिली फीस्ट' छापलं म्हणून, ते नाव आमचं आहे असं केएफसीच्या वकिलांचं पत्र आलं. त्या माळावर! शेवटी कंपनीनंच माघार घेतली.

नोव्हेंबर २०२१ ची गंमत तू कदाचित वाचली असशील. शुक्रवारी ओएसिस या इंग्लिश रॉक बँडची गाणी म्हणणारा 'नोएसिस' हा बँड आला, आणि त्याच रात्री आर्वेन नावाचं बर्फाचं वादळ. साठेक माणसं बँडसकट तीन रात्री आत अडकली. जमिनीवर गाद्या टाकून झोपली, कोडी सोडवली, गाणी म्हटली आणि सोमवारी बाहेर पडली. निघताना पबातल्या नोकरांसाठी वर्गणीही काढली. आपल्याकडे बारशाला एवढा मुक्काम पडला असता तर भांडणं नक्की होती.

तू मे महिन्यात येणार असलास तर शेवटचा गुरुवार धर. त्या दिवशी तिथे स्वेलडेल जातीच्या मेंढ्यांचं प्रदर्शन भरतं. काळं तोंड, नाकाशी पांढरं, वळलेली शिंगं. परीक्षक एकेक एडका इतका निरखून बघतात की आपल्या बैलबाजारातल्या दलालांनी मान तुकवावी. स्वेटर मात्र आण, आणि मे आहे म्हणून वहिनींचं ऐकून तो बॅगेतून काढू नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अवि