सीएफपीबी मोडली तर फायदा कोणाचा?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या सरकारी नोकरकपातीचा विषय निघाला की आपल्या लोकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बरं झालं, फुकट पोसलेली ऑफिसं बंद होतायत." बाकीच्या ऑफिसांचं जाऊ द्या, पण त्यातल्या एकाची बाजू कोणीतरी मांडायला पाहिजे म्हणून इकडून, न्यू जर्सीहून, हे पत्र लिहितोय. कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो असं लांबलचक नाव आहे, सगळे सीएफपीबी म्हणतात. बँका, क्रेडिट कार्डवाले, घराच्या लोनच्या कंपन्या, उधारी वसूल करणारे, क्रेडिट स्कोअरचे रिपोर्ट ठेवणारे, ह्यांनी साध्या गिऱ्हाइकाला फसवू नये हे बघणं हे ह्यांचं काम.

२००८ ला ज्याला परवडणार नाही त्याच्या गळ्यात घराचं लोन मारून सगळा डोलारा कोसळला तेव्हा ग्राहकाची काळजी घ्यायचं काम कोणा एकाचं नव्हतंच, सात वेगवेगळ्या केंद्रीय खात्यांत ते वाटलेलं होतं आणि कोणाचंच ते मुख्य काम नव्हतं. मग २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने ही एजन्सी काढली आणि २१ जुलै २०११ ला काम सुरू झालं. आज इकडे घर घेताना कर्जदाराची फेडायची ऐपत बघावीच लागते, आणि सह्या करायच्या तीन कामाच्या दिवस आधी सगळ्या खर्चाचा कागद हातात द्यावा लागतो, हे ह्यांच्याच नियमांमुळे.

आता वेल्स फार्गो बँकेचं घ्या. टार्गेट पूर्ण करायला बँकेच्या लोकांनी गिऱ्हाइकांना न विचारता लाखोंनी खाती उघडली, त्यावर २०१६ मध्ये सीएफपीबीने १० कोटी डॉलरचा दंड लावला. विरोधक म्हणतात हे तर आधी लॉस एंजेलिसच्या पेपरने बाहेर काढलं होतं, ह्यांनी काय केलं? बरोबर आहे, २०१३ ला पेपरनेच काढलं आणि एका पेपरच्या संपादकांना लिहिताना ते मुद्दाम सांगायला मला आवडतंय. पण पेपर बातमी देऊ शकतो, दंड करू शकत नाही आणि बँकेचं दफ्तर उघडून बघू शकत नाही. त्याच बँकेला २०२२ मध्ये परत पकडलं, गाड्यांची लोनं, घराची लोनं, खात्यांवरच्या फिया, सगळीकडे घोळ, आणि तेव्हा दंड आणि भरपाई मिळून ३.७ अब्ज डॉलरचा ऑर्डर निघाला, त्यात २ अब्जांच्या वर रक्कम गिऱ्हाइकांना परत द्यायची होती.

एजन्सीच्या स्वतःच्या हिशोबाने आत्तापर्यंत २१ अब्ज डॉलरपेक्षा जास्त पैसे लोकांना परत किंवा माफ झालेत. वर्षाचा खर्च एक अब्जाच्याही आत. हा खर्च फेडरल रिझर्व्हकडून (म्हणजे इकडच्या मध्यवर्ती बँकेकडून) येतो, काँग्रेसच्या (म्हणजे इकडच्या संसदेच्या) बजेटमधून नाही, आणि ह्याच गोष्टीवर सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो की ह्यांना विचारणारं कोणी नाही. (फेडरल रिझर्व्हने तो पैसा ह्यांना दिला नसता तर शेवटी सरकारी तिजोरीतच गेला असता हे मान्य आहे.) पण हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये कोर्टाने ७ विरुद्ध २ ने सांगितलं की ही पद्धत घटनेत बसते, आणि तो निकाल लिहिला कोणी तर क्लॅरेन्स थॉमसनी, म्हणजे कोणी डाव्या विचाराच्या जजनी नाही! शिवाय डायरेक्टरला राष्ट्राध्यक्ष कधीही काढू शकतात हे २०२० मध्येच ठरलंय, फेब्रुवारी २०२५ मध्ये रोहित चोप्रांना काढलंच की. मग "कोणालाच जबाबदार नाहीत" हे कुठे राहिलं?

मोठ्या दंडांच्या बातम्या होतात पण मला विचाराल तर खरी किंमत तक्रारीच्या खिडकीची आहे. आमच्या लोनची वसुली एका कंपनीकडून दुसरीकडे गेली (इकडे हे तुम्हाला न विचारता होतं) आणि आम्ही आधीच भरलेला प्रॉपर्टी टॅक्स (इकडे तो बऱ्याचदा लोनच्या हप्त्यातूनच जातो) नव्या कंपनीने बाकी दाखवून हप्ताच वाढवून ठेवला. फोन केला की दरवेळी नवीन माणूस, परत पहिल्यापासून सांगा, परत तेच कागद पाठवा. सीएफपीबीच्या साइटवर तक्रार टाकली आणि त्याच कंपनीकडून लेखी उत्तर आलं, हिशोबही सुधारला. माझ्यावर कोणी उपकार केले नाहीत, नियमच तसा आहे, कंपनीने साधारण १५ दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर ६० दिवसांत शेवटचं उत्तर द्यायचं, आणि तक्रार लोकांना दिसेल अशा यादीत जाते. त्या यादीतली प्रत्येक तक्रार खरीच असते असं नाही हा बँकांचा आक्षेप मला पटतो. पण म्हणून खिडकीच बंद करायची?

आणि आपल्या वाचकांशी थेट संबंध असलेली गोष्ट तर राहिलीच. अमेरिकेतून घरी पैसे पाठवताना पूर्वी "फी झिरो" म्हणून जाहिरात आणि मार डॉलरच्या रेटमध्ये, पोचल्यावर कळायचं किती कापले. ऑक्टोबर २०१३ पासून ह्याच एजन्सीचा नियम आहे की रेट, फी आणि समोरच्याला किती मिळणार हे पैसे भरायच्या आधी दाखवायचं, ३० मिनिटांच्या आत कॅन्सल केलं तर (पैसे तोपर्यंत उचलले नसतील तर) पूर्ण परत, आणि चूक झाली तर १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते. ज्यांची मुलं इकडे आहेत आणि दर महिन्याला पैसे पाठवतात त्यांच्यातल्या कितीजणांना माहीत असेल की हे फुकट पोसलेल्या ऑफिसचं काम आहे!

चुका नाहीत असं माझं म्हणणं नाही. क्रेडिट कार्डची लेट फी ८ डॉलरवर आणायचा नियम केला आणि तो लागू व्हायच्या आतच कोर्टात अडकून मेला, दवाखान्याची बिलं क्रेडिट रिपोर्टमधून काढायचा नियमही २०२५ मध्ये कोर्टाने रद्द केला. मोठे नियम करताना कायद्यात आपल्याला अधिकार किती ते आधी नीट बघायला हवं होतं, हे मीही म्हणेन.

पण २०२५ मध्ये झालं ते चुका सुधारणं नव्हतं. फेब्रुवारीत हंगामी डायरेक्टर रसेल व्होट यांनी कर्मचाऱ्यांना काम थांबवा म्हणून सांगितलं, हेडऑफिसला कुलूप लावलं, एप्रिलमध्ये सुमारे १७०० मधल्या जवळजवळ १५०० जणांना काढायच्या नोटिसा निघाल्या त्या कोर्टाने थोपवल्या, जुलैत काँग्रेसने फेडरल रिझर्व्हकडून मिळणाऱ्या पैशाची मर्यादा त्या बँकेच्या खर्चाच्या १२ टक्क्यांवरून ६.५ वर आणली. आणि चालू केसेस सोडून दिल्या. कॅपिटल वन बँकेवर आरोप होता की जवळजवळ सारख्याच नावाची दोन सेव्हिंग खाती ठेवली, नव्याला ४ टक्क्यांच्या वर व्याज आणि जुन्या लोकांना ०.३०, आणि ह्यात लोकांचं २ अब्ज डॉलरवर व्याज बुडालं. आरोप खरा का खोटा ते कोर्टात ठरलं असतं ना, पण एजन्सीने स्वतःच केस मागे घेतली.

राज्यं बघून घेतील असं एक उत्तर मिळतं. राज्यांचे अ‍ॅटर्नी जनरल (म्हणजे राज्याचे मुख्य सरकारी वकील) केसेस करतात, काही चांगल्या करतातही, पण राष्ट्रीय (म्हणजे केंद्राच्या परवान्यावर चालणाऱ्या) बँकेत नियमित जाऊन तपासणी करायचा अधिकार त्यांना नाही, तो केंद्राकडेच आहे. म्हणजे केस होईपर्यंत पैसे गेलेले असणार. जे म्हणतात ही एजन्सी नकोच, त्यांनी ही तपासणी उद्यापासून कोणी करायची तेवढं फक्त सांगावं.

आपला,
न्यू जर्सीतला एक वाचक